बाईकचा क्लच स्लिप मारतोय का? घाटात अडकण्याआधी ही लक्षणं ओळखा

"गाडीला पिकअप नाही राहिलं रे" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय. मग कुणी सांगतं प्लग बदल, कुणी म्हणतं कार्बन आलाय, कुणी थेट "इंजिनकाम काढ" म्हणून मोकळा होतो. पण बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं. त्याची ताकद मागच्या चाकापर्यंत पोहोचतच नसते, कारण मध्ये बसलेला क्लच झिजलेला असतो.

आजच्या लेखात आपण झिजलेला क्लच कसा ओळखायचा, मोबाईलच्या साध्या व्हिडिओवरून तो कसा तपासायचा आणि गॅरेजमध्ये पैसे घालण्याआधी कोणत्या दोन गोष्टी बघायच्या ते पाहणार आहोत. हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी शिकलो कुंभार्ली घाटात, भर पावसात.

घाटात काय झालं?

गणपती करून आम्ही दोघं भावंडं चिपळूणहून पुण्याला निघालो होतो. गाडी माझी १५० सीसीची, मागे धाकटी बहीण, तिची सॅक आणि आईने बांधून दिलेले नारळ. बहिणीची दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात मुलाखत होती, पहिल्या नोकरीची.

पोफळी सोडून घाट चढायला लागलो आणि चौथ्या वळणावर गाडी विचित्र वागायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन जोरात ओरडायचं, आरपीएमचा काटा वर जायचा, पण वेग मात्र ३० वरून २५, २५ वरून २० वर. मला वाटलं चढ आहे, वजन आहे, म्हणून अजून पिळला. दहा मिनिटांत जळकट वास आला आणि गाडी पहिल्या गिअरमध्येसुद्धा पुढे सरकेना. इंजिन चालू, गिअर टाकलेला, क्लच सोडलेला, तरी गाडी जागच्या जागी!

धुक्यात गाडी कडेला घेऊन तासभर थांबलो. इंजिन गार झाल्यावर बहिणीला एका ओळखीच्या नसलेल्या पण भल्या जीपवाल्याबरोबर हेळवाकपर्यंत पाठवलं आणि मी रिकामी गाडी कशीबशी वर आणली. कोयनानगरला ती म्हणाली, "दादा, तू गाडीचं बघ, मी एसटीने जाते." तिला कराडच्या गाडीत बसवलं आणि मी गॅरेज शोधलं.

गॅरेजवाल्या काकांनी गाडीला हातही न लावता आधी क्लचचा लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिला आणि विचारलं, "केबल कुणी ताणली रे?"

मीच ताणली होती. दीड महिन्यापूर्वी लिव्हर थोडा ढिला वाटत होता, म्हणून एक अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघून मी अ‍ॅडजस्टर फिरवून तो मस्त कडक केला होता. काका म्हणाले, "तो ढिला नव्हता, तेवढा ढिला पाहिजेच असतो." हे वाक्य मला नीट कळायला क्लच आतून समजून घ्यावा लागला.

क्लच नेमकं करतो काय?

इंजिन फिरतंय आणि चाक थांबलंय, असं सिग्नलला रोज होतं. या दोघांना हवं तेव्हा जोडणं आणि हवं तेव्हा तोडणं हे क्लचचं काम.

आपल्या गिअरच्या बहुतेक बाईक्समध्ये इंजिन ऑईलमध्ये बुडालेला, अनेक प्लेट्सचा क्लच असतो. यात दोन प्रकारच्या गोल प्लेट्स एकाआड एक रचलेल्या असतात. एक घर्षण प्लेट, जिच्यावर खरखरीत मटेरियलचे तुकडे चिकटवलेले असतात, आणि एक साधी स्टीलची प्लेट. घर्षण प्लेट्स इंजिनच्या बाजूने फिरतात, स्टीलच्या प्लेट्स गिअरबॉक्सच्या बाजूने. या सगळ्या चळतीला स्प्रिंग्स घट्ट दाबून ठेवतात.

शाळेत केलेला एक प्रयोग आठवतोय? दोन वह्यांची पानं एकमेकांत गुंतवून दोन्ही बाजूंनी ओढायच्या. कितीही जोर लावा, वह्या सुटत नाहीत. क्लचचं तत्त्व तेच. पानं दाबलेली आहेत तोवर दोन्ही वह्या एकत्र, दाब काढला की वेगळ्या.

आता महत्त्वाचा मुद्दा. आपण लिव्हर दाबतो तेव्हा क्लच "लागत" नाही, उलट सुटतो. दाबण्याचं काम स्प्रिंगचं, आणि आपला लिव्हर केबलमार्फत तो दाब काढून घेतो. म्हणजे केबल नेहमीच ताणलेली असेल, तर आपण लिव्हरला हात न लावताही थोडासा क्लच दाबलेलाच असतो. प्लेट्स पूर्ण घट्ट बसत नाहीत, एकमेकांवर घसरतात, तापतात आणि झिजतात. माझ्या गाडीत दीड महिना हेच चाललं होतं.

यात अजून एक गंमत आहे. केबल जुनी होऊन लांबली तर लिव्हरचा ढिलेपणा वाढतो. पण प्लेट्स झिजून पातळ झाल्या तर ढिलेपणा कमी होत जातो, कारण चळत आत सरकते आणि मधली मोकळी जागा संपते. म्हणून लिव्हर आपोआप कडक होत चाललाय असं वाटलं तर खूश होऊ नका. ती झिजण्याची खूण असू शकते.

झिजलेल्या क्लचची ५ लक्षणं

१. आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. हे सगळ्यात पक्कं लक्षण. वरच्या गिअरमध्ये, चढावर, डबल सीट असताना किंवा ओव्हरटेक करताना आधी दिसतं. खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेते, त्यामुळे सुरुवातीला कळतही नाही. "शहरात तर नीट चालते" या भ्रमात मी याच कारणाने राहिलो.

२. क्लच अगदी शेवटी लागतो. लिव्हर सोडताना गाडी पुढे ओढायला लागते ती जागा बोटांना पाठ असते. ती जागा दिवसेंदिवस बाहेर सरकत असेल, म्हणजे लिव्हर जवळपास पूर्ण सोडल्यावरच गाडी हलत असेल, तर प्लेट्स पातळ होत आल्यात किंवा केबल जास्त ताणली आहे.

३. गाडी गरम झाल्यावर त्रास वाढतो. सकाळी गार गाडी बरी चालते आणि अर्ध्या तासाने पिकअप जातं. घसरण्याने उष्णता, उष्णतेने पकड कमी आणि पकड कमी झाली की अजून घसरण, असं हे चक्र चालतं.

४. जळका वास आणि काळं ऑईल. क्लच ऑईलमध्ये असल्याने वास उशिरा येतो. बाहेर वास आला म्हणजे आत बरंच काही झालेलं असतं. ऑईल बदलताना जुन्या ऑईलला करपल्यासारखा वास येतोय का, ते बघा.

५. मायलेज पडतं. पेट्रोल जळतं, इंजिन फिरतं, पण काही ताकद घर्षणात वाया जाते. फक्त मायलेजवरून क्लचला दोष देऊ नका, पण वरच्या लक्षणांबरोबर हेही असेल तर धरून चाला.

हे क्लच झिजल्याचं लक्षण नाही

इथे खूप जणांचा गोंधळ होतो. क्लचचे दोष दोन प्रकारचे असतात आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. एक म्हणजे क्लच घसरतो, म्हणजे नीट जोडत नाही. दुसरा म्हणजे क्लच सुटत नाही, म्हणजे नीट तोडत नाही.

लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, गिअर "खाड" आवाज करून पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही ही दुसऱ्या प्रकारची लक्षणं. यात बहुतेक वेळा केबल जास्त ढिली असते. नाहीतर प्लेट वाकडी झालेली असते किंवा क्लचच्या डब्याला खाचा पडलेल्या असतात. या वेळी केबल थोडी ताणणं बरोबर आहे. घसरणाऱ्या क्लचची केबल ताणणं म्हणजे मात्र आगीत तेल.

तसंच, अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर आरपीएमसुद्धा वाढत नसेल, इंजिन दबल्यासारखं वाटत असेल, तर क्लचकडे बघू नका. एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल किंवा चिकटलेला ब्रेक तपासा. एक सोपं सूत्र लक्षात ठेवा: इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर क्लच. इंजिनच ओरडत नाही, तर दुसरं काहीतरी.

मोबाईलने क्लच कसा तपासायचा?

पुण्यात परतल्यावर गॅलरी चाळताना मला तीन आठवड्यांपूर्वीचा एक व्हिडिओ सापडला. मित्राने मागे बसून बायपासवर माझ्या मीटरचा व्हिडिओ रीलसाठी काढला होता. रीलवर गाणं टाकल्याने इंजिनचा आवाज गेला होता, पण मूळ क्लिप तशीच होती. मी ती थांबवून थांबवून पाहिली. पाचव्या गिअरमध्ये वेग ५० असताना आरपीएम ४,०००. मग मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि वेग ६० असताना आरपीएम ५,५००!

यात चूक काय? हिशोब सोपा आहे. गिअर तोच असेल आणि क्लच घट्ट असेल, तर आरपीएम आणि वेग एकाच प्रमाणात वाढतात. ५० ला ४,००० म्हणजे ताशी प्रत्येक किलोमीटरला ८० आरपीएम. मग ६० ला ४,८०० हवेत. माझ्या गाडीत ५,५०० होते. म्हणजे जवळपास ७०० फेरे क्लचमध्येच घसरत होते. पुरावा तीन आठवडे माझ्या खिशात होता आणि मी त्यावर गाणं टाकून लाईक मोजत होतो.

तुम्ही असं करा:

• मोकळा, सरळ आणि कोरडा रस्ता निवडा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा.
• मागे बसलेल्याला मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगा. चालवताना स्वतः मोबाईल हातात धरायचा नाही, म्हणजे नाहीच.
• वरच्या गिअरमध्ये हलक्या हाताने एक वेग स्थिर ठेवा. मग अ‍ॅक्सिलरेटर बराचसा उघडा आणि वेगमर्यादेच्या आत गाडी वाढू द्या.
• गाडी थांबवून व्हिडिओ हळू गतीने बघा. दोन ठिकाणी आरपीएमला वेगाने भागा. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली तर क्लच चांगला. दुसरं उत्तर बरंच मोठं आलं, तर क्लच घसरतोय.

मोबाईल हँडलला लावून शूट करणार असाल तर एक सावधगिरी. मोठ्या इंजिनाच्या बाईकची थरथर थेट हँडलवरून आली तर आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला आहे. चित्र स्थिर ठेवणारी बारीक यंत्रणा त्याने बिघडू शकते. तशी यंत्रणा इतर अनेक फोनमध्येही असते. त्यामुळे मागच्याच्या हातात मोबाईल देणं सगळ्यात बरं.

मीटरला आरपीएमचा काटा नसेल तर उभ्या गाडीची चाचणी करा. सपाट मोकळ्या जागेत, समोर कुणी नसताना, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा. गरम इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. लिव्हर पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं, तर क्लच गेला समजा. ही चाचणी एकदाच करायची, कारण प्रत्येक वेळी प्लेट्स थोड्या घासतात.

गाडी खोलण्याआधी या दोन गोष्टी बघा

पहिली, लिव्हरचा ढिलेपणा. इंजिन बंद करून लिव्हर एका बोटाने ओढा. सुरुवातीला तो अगदी हलका येतो आणि मग जोर लागतो. हा हलका भाग म्हणजे फ्री प्ले. बऱ्याच बाईक्समध्ये तो लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ठेवायला सांगतात. काही कंपन्या लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर मोजतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि ते कंपनीच्या वेबसाईटवर सहसा मोफत मिळतं. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवूनही ढिलेपणा राहतोय का, हेही बघा. नसेल तर लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरचा लॉक सोडून तो आत फिरवा, ढिलेपणा वाढेल. खर्च शून्य.

दुसरी, ऑईल. क्लच ऑईलमध्ये बुडालेला असल्याने ऑईल चुकलं की चांगला क्लचही घसरतो. कारच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारला ती उपयोगी, पण बाईकच्या क्लचला नेमकं घर्षणच हवं असतं. बाईकच्या ऑईलच्या डब्यावर जासो एमए किंवा जासो एमए-२ असा शिक्का शोधा. हे जपानी वाहन मानक आहे आणि त्याचा अर्थ हे ऑईल अशा क्लचला चालतं. जासो एमबी लिहिलं असेल तर ते स्कूटरसाठी, गिअरच्या बाईकला नको. ऑईल बदलल्यानंतर लगेच क्लच घसरायला लागला असेल, तर आधी डबा बघा.

हे दोन्ही नीट असूनही क्लच घसरत असेल, तरच गाडी खोलायची वेळ आली समजा.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

कोयनानगरच्या काकांनी केबल सैल करून मला पुण्यापर्यंत पोहोचवलं, पण प्लेट्स करपल्या होत्या, त्या बदलाव्याच लागल्या. पुण्यातल्या एका गॅरेजने लक्षणं ऐकून न बघताच मोठं इंजिनकाम सांगितलं. दुसऱ्याने माझ्यासमोर क्लचचं कव्हर उघडलं. तेव्हा लक्षात ठेवलेल्या गोष्टी अशा:

• क्लचसाठी पूर्ण इंजिन खोलावं लागत नाही. बहुतेक बाईक्समध्ये उजव्या बाजूचं कव्हर काढलं की क्लच समोर येतो.
• घर्षण प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजायला सांगा. लहान बाईक्समध्ये नवी प्लेट साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि काही दशांश मिलिमीटर झिजली तरी मर्यादा संपते. डोळ्याने हा फरक कळत नाही.
• स्टीलच्या प्लेट्सवर निळसर डाग असतील तर त्या तापल्या आहेत. काचेवर ठेवून डुगडुगतात का, ते बघा.
• स्प्रिंग्सची लांबीही मोजायची असते. दबलेल्या स्प्रिंगवर नव्या प्लेट्स टाकून उपयोग नाही.
• नव्या घर्षण प्लेट्स बसवण्याआधी इंजिन ऑईलमध्ये भिजवून ठेवायच्या असतात. कव्हरचं गॅस्केट आणि ऑईलही नवीन.
• जुने पार्ट परत मागा. संकोच नको, पैसे आपले आहेत.

रस्त्यातच क्लच घसरायला लागला तर?

सगळ्यात आधी अ‍ॅक्सिलरेटर कमी करा. मी जी चूक केली ती करू नका. जास्त पिळल्याने गाडी चढत नाही, फक्त प्लेट्स जळतात. सुरक्षित जागी थांबून इंजिन गार होऊ द्या, केबलला ढिलेपणा द्या, वजन आणि मागचा माणूस उतरवा. मग कमी आरपीएमवर, हलक्या हाताने जवळच्या गॅरेजपर्यंत जा. क्लच पुन्हा घसरायला लागला तर टेम्पो शोधलेला स्वस्त पडतो.

क्लच लवकर कशाने झिजतो?

ट्रॅफिकमध्ये सतत हाफ क्लचवर गाडी सरकवणं, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणं आणि चालवताना दोन बोटं कायम लिव्हरवर ठेवणं. शेवटची सवय सगळ्यात फसवी. बोटांचं वजनही फ्री प्ले संपवायला पुरतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

क्लच किती किलोमीटरला बदलायचा?
ठरलेला आकडा नाही. एकच मॉडेल हायवेवर वर्षानुवर्षं चालतं आणि ट्रॅफिकमध्ये लवकर झिजतं. किलोमीटर नाही, लक्षणं आणि प्लेटची जाडी बघा.

हायड्रॉलिक क्लच असेल तर?
त्यात केबल नसते आणि झीज आपोआप भरून निघते, म्हणून लिव्हरवरून अंदाज येत नाही. व्हिडिओची चाचणी तिथे जास्त कामाची.

स्लिपर क्लच मुद्दाम घसरतो ना?
हो, पण गिअर पटापट खाली टाकताना. वेग वाढवताना तो घसरत असेल तर दोषच आहे.

स्कूटरचं काय?
गिअरलेस स्कूटरमध्ये बेल्ट आणि आपोआप लागणारा क्लच असतो. तिथे वेग आणि आरपीएमचं प्रमाण सतत बदलतं, त्यामुळे वरचा हिशोब लागू होत नाही. उचलताना थरथर किंवा उशिरा ओढणं दिसलं तर बेल्ट आणि क्लच शू तपासून घ्या.

शेवटी एवढंच

बहिणीची एसटी वेळेत पोहोचली आणि मुलाखतही झाली. ती सुटली ती एसटीमुळे, माझ्या गाडीमुळे नाही, हे ती अजून प्रत्येक गणपतीला ऐकवते. मला आलेलं बिल प्लेट्स, स्प्रिंग्स, गॅस्केट, ऑईल आणि मजुरी या सगळ्याचं होतं. तीन आठवडे आधी ती क्लिप नीट पाहिली असती आणि अ‍ॅडजस्टर दोन फेरे आत फिरवला असता, तर कदाचित यातलं काहीच लागलं नसतं.

म्हणून आज गाडीला किल्ली लावण्याआधी एक काम करा. एका बोटाने क्लचचा लिव्हर ओढून बघा. सुरुवातीचा तो हलका ढिलेपणा आहे ना? असेल तर निवांत जा. नसेल तर आधी तो द्या, मग निघा. आणि घरी जाण्यासाठी घाट चढणारा एखादा मित्र असेल, तर त्यालाही हे नक्की सांगा.